सलीमभाईच्या डाव्या बाजूचं दुःख

चहाचा कप आधी खाली ठेवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझी ही फजिती भर सभागृहात झालेली आहे, माईकवर झालेली आहे आणि तिचा व्हिडिओसुद्धा निघालेला आहे, म्हणजे लपवायची सोय उरलेली नाही. लोकांकडून तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. तिखटमीठ मीही लावणारच, पण निदान ते माझ्या हातचं असेल!

मी भागवत ढवळे. बीडच्या एका ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षं मराठी शिकवतोय. व्याकरणात मला धरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही. हे मी नाही, लोक म्हणतात. बरं, लोक नाही म्हणत, मीच म्हणतो. पण खोटं आहे का? नाही!

तर झालं असं, की मला एक शोध लागला. सकाळी दात घासता घासता मी मोबाईलवर लोकांचे स्टेटस बघत होतो. एकाच दिवशी अकरा जण उदास! माझ्या वर्गातला एक पोरगा रोज लिहायचा, ‘आपलं या जगात कुणीच न्हाई’, आणि खाली बत्तीस मित्रांची नावं जोडायचा. माझी एक मावसबहीण आहे गेवराईला. नवऱ्याशी भांडण झालं की ती मावळत्या सूर्याचा फोटो लावते आणि समेट झाला की उगवत्या सूर्याचा. फोटो तोच! आमच्या कॉलेजातले क्लार्क तर दर सोमवारी लिहायचे, ‘पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच.’ यांना सोन्याचा पिंजरा कुठं दिसला कोण जाणे. आमच्या ऑफिसात तर खुर्चीसुद्धा धड नाही.

तुम्ही हसाल. मीही हसायचो. पण त्या दिवशी तोंडात ब्रश तसाच राहिला आणि मनात आलं, अरे, हे तर साहित्य आहे! जी माणसं आयुष्यात कधी पानभर लिहीत नाहीत, ती रोज दोन ओळी दुःख लिहितायत आणि चोवीस तासांत ते पुसलं जातंय. कुणीतरी हे गोळा करायला नको? आणि कुणीतरी म्हणजे कोण? जिल्ह्यात दुसरा आहेच कोण!

मी एक जाड वही घातली. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘उदासी-संग्रह’. महिन्याभरात पावणेदोनशे नोंदी झाल्या. आणि योग बघा, त्याच सुमारास लिंबागणेशला एक दिवसाचा साहित्य मेळावा ठरला आणि मला व्याख्यानाचं बोलावणं आलं. विषय मीच कळवला: ‘समाजमाध्यमांवरील उदासी: उद्याच्या साहित्याचा कच्चा माल’.

“कच्चा माल?” आमची मंदा म्हणाली. मंदा म्हणजे माझी बायको. “भुसार दुकान उघडताय का?”

मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. पुढचं सगळं रामायण या दुर्लक्षामुळंच घडलं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मेळाव्याला आठ दिवस राहिले असताना सलीमभाईचा स्टेटस आला.

सलीमभाई म्हणजे आमचा मेकॅनिक. माझी स्कूटर बारा वर्षं त्याच्याच हातावर जगली आहे. माणूस शांत, कमी बोलणारा. हात ग्रीसनं काळे, पण बोलणं साजूक तुपासारखं. स्टेटस कधी लावायचा नाही. लावलाच तर ईद मुबारक, दिवाळी मुबारक, एवढंच. आणि त्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी:

लई दिवस आत सांभाळलं.
कुणाला दिसलं न्हाई, कुणाला कळलं न्हाई.
आज गेलं.
जाताना बी रडवून गेलं.

माझ्या अंगावर काटा आला! काय ती शब्दांची काटकसर! मी वही उघडली आणि लगेच भाषेच्या अंगानं चिरफाड सुरू केली. सांभाळलं, दिसलं, कळलं, गेलं. सगळी क्रियापदं नपुंसकलिंगी! म्हणजे जे गेलं ते ‘ते’ होतं. आता मला सांगा, माणूस आत सांभाळतो, कुणाला दिसत नाही, जाताना रडवतं, आणि ते नपुंसकलिंगी आहे. काय असेल? प्रेम! दुसरं काय असणार? व्याकरणच सांगतंय!

“मंदा,” मी आत ओरडलो, “सलीमभाईचं प्रेम होतं कुणावर तरी!”

“सलीमभाईचं?” मंदा लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. “अहो, दोन लेकींची लग्नं केलेला माणूस तो. रुखसानाभाभी परवा बाजारात भेटली, चांगली हसत होती. काय गेलं ते आधी विचारा तरी त्याला.”

“साहित्यात विचारायचं नसतं, मंदा. जाणायचं असतं!”

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी तेही वहीत उतरवून घेतलं.

तरी दुसऱ्या दिवशी गेलोच गॅरेजवर. चार-पाच गिऱ्हाईकं उभी होती. सलीमभाई एका मोटरसायकलचं चाक खोलत होता. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, “सलीमभाई, स्टेटस बघितला.”

तो दचकला. गिऱ्हाईकांकडं बघून कानापर्यंत लाल झाला. “अरे बापरे. सर, तुमी बी बघितला का? काढून टाकतो आत्ताच.”

“नको, नको! राहू द्या. फार खोल आहे ते.”

“खोलच होतं सर,” त्यानं सुस्कारा सोडला. “डाव्या बाजूला.”

आणि त्यानं डाव्या बरगडीखाली हात ठेवला. आता काळीज थोडं वर असतं, हे मलाही माहीत आहे हो. पण मी म्हटलं, चार गिऱ्हाईकांपुढं भावनेच्या भरात माणूस नेमक्या जागी हात कसा ठेवणार?

“किती दिवस होतं?”

“सा महिने. आधी बारीक होतं. मंग वाढत गेलं.”

“आणि घरी? भाभींना...?”

“तिला म्हाईत हाय ना! तिनंच तर धीर दिला. मी कळवळलो की पाठीवरून हात फिरवायची. म्हणायची, जाईल बगा, आपोआप जाईल.”

माझे डोळे भरून आले. नवऱ्याचं दुसरीकडं जडलेलं मन आपोआप परत येईल म्हणून त्याच्याच पाठीवरून हात फिरवणारी बाई! अहो, ही बाई आहे का देवी?

“परत येईल असं वाटतं का?” मी विचारलं.

“येतंय म्हणतेत सर. ज्याला एकदा झालं त्याला परत व्हतंच म्हणतेत. आपल्याकडचं पाणीच तसलं हाय.”

वा! आपल्याकडचं पाणीच तसलं! म्हणजे या मातीचा गुणच असा! मला वही काढेपर्यंतसुद्धा धीर धरवेना, तळहातावर लिहून घेतलं.

“सलीमभाई, हे मी मेळाव्यात सांगू का?”

“अवो नका सर! लोक हसतील.”

“हसतील? रडतील!”

त्यानं पान्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “नाव न्हाई ना घेणार?”

“मराठीच्या मास्तरचा शब्द!” मी म्हटलं. “आणि तुम्ही यायचं. भाभींना घेऊन. पुढच्या रांगेत.”

मी सलग पाच दिवस भाषण लिहिलं. आरशापुढं म्हणून बघितलं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळ्याच्या खुणा केल्या. खरं सांगतो, इतका अभिमान मला माझ्या लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहात दीडेकशे माणसं. आजूबाजूच्या गावांतले शिक्षक, शेतकरी, मेंढरं राखणारी दोन-तीन म्हातारी मंडळी, बचत गटाच्या बाया. अध्यक्ष होते पालीचे निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी, वय ऐंशीच्या घरात. माझ्या आधी तीन व्याख्यानं झाली होती आणि तिन्ही व्याख्यानांत गुरुजींचा डोळा लागला होता. सलीमभाई पांढराशुभ्र कुर्ता घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. शेजारी रुखसानाभाभी आणि तिच्या पलीकडं तिचा थोरला भाऊ मोईनभाई. मोईनभाईचा फळांचा गाडा आहे बीडला. टरबुजं उचलून उचलून झालेले हात, मानगूट बैलासारखी. तो वर्षभर धंद्यासाठी बाहेरगावी होता, दोनच दिवसांपूर्वी आला होता. हे मला नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं.

मी उभा राहिलो. सुरुवात सोन्याच्या पिंजऱ्यापासून केली. लोक हसले. मावळत्या सूर्यावर टाळ्या पडल्या. मग मी आवाज खाली आणला आणि त्या चार ओळी म्हटल्या.

सभागृहात अशी सामसूम झाली, की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. गुरुजींनीसुद्धा डोळे उघडले! आता तुम्हीच सांगा, असं झाल्यावर माणसाच्या अंगात येणार नाही? माझ्या आलं.

“मित्रहो,” मी म्हणालो, “हे प्रेम आहे! या माणसानं सहा महिने ते आत सांभाळलं. आधी लहान होतं, मग वाढत गेलं. पण प्रेम हवेत होत नाही, त्याला कुणीतरी लागतं. ती कोण होती, हे त्यानं सांगितलं नाही. आणि त्याची पत्नी? तिनं भांडण केलं नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, जाईल, आपोआप जाईल!”

बचत गटाच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. आणि माझं लक्ष दुसऱ्या रांगेकडं गेलं. रुखसानाभाभीनं ओढणीत तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. माझा ताबा सुटला. दिलेला शब्द मी साफ विसरलो.

“बघा!” मी बोट दाखवून ओरडलो. “ती माउली इथंच आहे! दुसऱ्या रांगेत! बघा कशी रडतेय! आणि तिच्याशेजारी बसलाय तो कवी, आमचा सलीमभाई!”

दीडशे माना गर्रकन वळल्या. मी टाळ्यांची वाट बघत थांबलो.

टाळ्या आल्या नाहीत. मोईनभाई उभा राहिला.

“कौन थी?” तो सलीमभाईकडं वळला. “सा महिने? मेरी बहन के होते हुए? कौन थी, बोल!”

“भाईजान, बैठो,” सलीमभाई त्याचा हात धरत म्हणाला.

“बैठता नहीं! आणि तुमी ओ मास्टर, तुमाला सगळं म्हाईत होतं? इथं माईकवर सांगताव? आमच्या घरी येऊन सांगता येत नव्हतं?”

मागून कुणीतरी ओरडलं, “गप बस की बे, ऐकू दे!” त्यावर दुसऱ्यानं सुनावलं, “तूच गप, त्याच्या बहिणीचा सवाल हाय!” मी चांगल्या माणसाचं घर मोडलं होतं. बारा वर्षांची दोस्ती मोडली होती. तीही माईकवर, आणि टाळ्यांच्या आशेनं!

मग सलीमभाई शांतपणे उठला. मधल्या वाटेनं चालत स्टेजवर आला. मी डोळे मिटले. म्हटलं, आता एक बसणार, आणि बसलीच पाहिजे. पण त्यानं माझ्या हातातून फक्त माईक घेतला.

“नमस्कार. मी सलीम. बीडला गाड्या रिपेर करतो. मला बोलता येत न्हाई. सर म्हणले ते सगळं खरं हाय. सा महिने आत होतं. बारीक होतं, वाढत गेलं. बायकूनं धीर दिला. आन् एक दिवस सकाळी गेलं. जाताना लई रडवलं. फक्त एक बदल हाय.” तो जरा थांबला. खरं सांगतो, मी पाच दिवस आरशापुढं सराव केला, पण असं थांबणं मला जमलं नाही. “सर ज्याला प्रेम म्हणतेत ना, त्याला डॉक्टर मुतखडा म्हणतेत.”

रुखसानाभाभीनं ओढणी बाजूला केली. ती रडत नव्हतीच! हसून हसून तिचे डोळे वाहत होते. आणि तिचं हसू बाहेर फुटल्याबरोबर अख्खं सभागृह फुटलं. म्हातारे मांड्यांवर थापा मारायला लागले. एक जण तर खुर्चीवरून घसरला.

“आता मुतखडा म्हणून स्टेटस कसा लावणार?” सलीमभाई पुढं म्हणाला. “माझे जावई बघतेत, गिऱ्हाईक बघतेत. पण दुखलं तर लई होतं. कुणाला तरी सांगावं वाटतंच ना? मंग नाव न घेता लिवलं.”

डावी बाजू! आपल्याकडचं पाणी! परत येतंच म्हणतेत! सगळा उलगडा माझ्या डोक्यात एकदम झाला. मी पुटपुटलो, “पण सलीमभाई, ते नपुंसकलिंग...”

माईक चालूच होता. तेही सगळ्यांनी ऐकलं.

“दुखणं, सर,” सलीमभाई मायेनं म्हणाला. “ते दुखणं.”

व्याकरणात मला धरणारा माणूस जिल्ह्यात नाही म्हणालो होतो ना? होता. चाकाला ग्रीस लावत बसला होता.

मोईनभाईला मात्र अजून खात्री पटेना. तेव्हा सलीमभाईनं मोबाईलमधला सोनोग्राफीचा फोटो काढला आणि पंच म्हणून अध्यक्षांच्या हातात दिला. गुरुजींनी चष्मा चढवला, फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ताठ बसले. “नऊ मिलिमीटर! अहो, माझा सातचाच होता, तर मी देव बघून आलो!”

झालं! मग कसलं साहित्य आणि कसली उदासी. “माझा अकराचा होता!” मागून आवाज आला. “मला दोन्ही बाजूंनी होता!” तिसऱ्या रांगेतून. एक मेंढपाळ आजोबा उठून म्हणाले, “हुलग्याचं माडगं प्या. मला इसाव्या दिवशी गुण आला.” बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी माडग्याची सगळी कृती सांगितली, अगदी लसणाच्या फोडणीसकट. तीन व्याख्यानं झोपून काढलेलं सभागृह पाऊण तास जागं होतं! जो तो आपलं दुखणं सांगत होता आणि दीडशे माणसं जीव लावून ऐकत होती. मी स्टेजच्या कोपऱ्यात उभा राहून बघत होतो, आणि लाज वाटायची सोडून माझी छाती फुगत चालली होती. कशानं, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. पण ही आमची माणसं आहेत, असं वाटत होतं.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारी सलीमभाईजवळ आली. कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. म्हणाली, “लेका, त्या चार वळी मला कागदावर लिवून दे.”

“काकू, तुमाला बी मुतखडा हाय का?”

“न्हाई रे बाबा,” ती म्हणाली. “माझं येगळं व्हतं. लई वरसं झाली. तवा असं कुणी लिवून दिलं असतं तर बरं झालं असतं.”

मी पेन दिलं, माझ्या भाषणाचं शेवटचं पान फाडून दिलं, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यानं चार ओळी लिहिल्या. म्हातारीनं कागदाची घडी केली, पिशवीत अगदी खाली ठेवली आणि गेली. त्या चार ओळींत प्रेम नव्हतं हे खरं. पण त्या साहित्य होत्या, हे तर मीच आधी ओळखलं होतं ना? मग! तेवढी नजर आहे आपल्याला.

मी सलीमभाईपुढं हात जोडले. “चुकलो. नाव घेणार नाही म्हणून शब्द दिला होता.”

“दिल्ता खरं,” तो म्हणाला. पेनाला टोपण लावून त्यानं ते मला परत दिलं. मग म्हणाला, “जाऊ द्या सर. पण पुढच्या येळेस आधी इचारा, मंग रडा.”

मोईनभाईनं जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून दुखते. “सर, तुमी बी एकदा सोनोग्राफी करून घ्या. डोक्याची.”

घरी आल्यावर मंदानं सगळं ऐकून घेतलं. नुसती उठली आणि मला तांब्याभर पाणी आणून दिलं. “भरपूर पीत जा,” म्हणाली.

आता शेवटचं सांगतो. मेळाव्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला. परवा अंबाजोगाईकडच्या एका मेळाव्याच्या संयोजकांचा फोन आला. “ढवळे सर, आम्हाला तुमची फार गरज आहे!” मी मंदाला ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. कॉलर ताठ केली आणि म्हटलं, “बोला, विषय कोणता घेऊ?”

“विषय सलीमभाई घेतील सर. प्रमुख पाहुणे तेच आहेत,” पलीकडून आवाज आला. “तुम्ही फक्त त्यांना स्कूटरवर घेऊन या. आणि हो, तुमची स्कूटर वाटेत बंद पडली तरी हरकत नाही, मेकॅनिक बरोबर असणारच आहे!”